बिली गाडीत का बसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘बिली लायर’ मी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्यांतल्या बहुतेकांनी पुस्तक परत करताना एकच प्रश्न विचारला. (ज्यांनी परतच केलं नाही, त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे.) प्रश्न असा: एवढं सगळं करून तो शेवटी लंडनला का जात नाही?

कीथ वॉटरहाउसची ही कादंबरी १९५९ची. गोष्ट एका शनिवारची. यॉर्कशायरमधल्या स्ट्रॅडहॉटन नावाच्या कल्पित गावात एकोणीस वर्षांचा बिली फिशर अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या पेढीत कारकून आहे. पेढीची कॅलेंडरं गिऱ्हाइकांना पोस्टानं पाठवायची होती. टपालखर्चाचे पैसे बिलीनं खाल्ले आणि कॅलेंडरं घरात दडवली. आता त्यांची विल्हेवाट लावता लावता त्याच्या नाकी नऊ आलेत. त्यात अंगठी एक आणि लग्नाचा शब्द दिलेल्या मुली दोन. शिवाय डोक्यात ‘अँब्रोशिया’ नावाचा आख्खा देश, जिथं तो पंतप्रधानही असतो आणि सेनापतीही. लंडनच्या एका विनोदवीराचं ‘आलात तर भेटा’ छापाचं पत्र त्याच्या खिशात आहे. तीच नोकरी, असं तो गावभर सांगून बसलाय.

बाविसाव्या वर्षी वाचली तेव्हा मी त्याला भित्रा म्हणून मोकळी झाले होते. जॉन श्लेसिंजरच्या १९६३च्या चित्रपटात तर हे डोळ्यांना दिसतं. लिझ, म्हणजे त्या दोघींहून वेगळी, त्याला लंडनला घेऊन निघालेली मैत्रीण, गाडीत बसलेली आहे, आणि बिली फलाटावरच्या यंत्रातून दूध आणायच्या निमित्तानं उतरतो. गाडी सुटते. लिझनं त्याची बॅग आधीच फलाटावर काढून ठेवलेली असते. तिला माहीत होतं!

पण मला तो आता निव्वळ भित्रा वाटत नाही. त्याचं कारण आमच्या गल्लीतले एक काका. आपण रणजी खेळता खेळता राहिलो, असं ते सांगायचे. दरवर्षी गुडघा वेगळा दुखावलेला असायचा, कधी डावा, कधी उजवा. थाप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी चहा पाजून लोक ती ऐकायचे. मग मुलानं त्यांना ठाण्याला नेलं. चौदावा मजला. मी भेटायला गेले, तर काका गप्प. क्रिकेट चालू होतं टीव्हीवर, पण एकदाही गुडघा निघाला नाही.

थापा मारायला ओळखीची माणसं लागतात. बिलीनं मित्राच्या आईला एक नसलेली बहीण सांगून ठेवलीय. ती माउली तिची चौकशी करते, म्हणजे एका अर्थी ती बहीण तिथं नांदतेच. पेढीच्या मालकांपैकी म्हाताऱ्या डक्सबरीसमोर तो यॉर्कशायरी बोलीची नक्कल करतो आणि पकडला जातो, तेही त्याच गावात घडू शकतं. (ती बोली मराठीत आणायला कुणी कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी वापरू नये, एवढी माझी हात जोडून विनंती.) लंडनमध्ये त्याला खोटारडं म्हणण्याइतकं कोण ओळखणार होतं? तिथं विनोद लिहावे लागले असते आणि त्यांवर अनोळखी लोकांना हसवावं लागलं असतं.

शिवाय त्याच रात्री त्याची आजी गेलेली असते. ही गोष्ट वाचक विसरतात, म्हणून आठवण करून देते.

गंमत म्हणजे वॉटरहाउस स्वतः गेला. तोही यॉर्कशायरचाच, लीड्सचा, पोरवयात अशाच पेढीत कारकुनी केलेला. मग वर्तमानपत्र, मग लंडन. आणि तिथं बसून त्यानं घरी परतणाऱ्या पोराची गोष्ट लिहिली.

ठाण्याहून निघताना काकांनी मला लिफ्टपर्यंत सोडलं. दार बंद होता होता म्हणाले, “गल्लीत कुणी विचारलं तर सांग, इथल्या पोरांना कोचिंग देतोय.”

मी सांगितलं.