तृतीयेची ओहोटी आणि नववीची सहल

अलिबागच्या समुद्रातल्या, ओहोटीला चालत जायच्या कुलाबा किल्ल्यावर नववीची मुलं न्यायचं ठरलं, तेव्हा मी आधी बस कधी मिळते ते पाहिलं. मिळालेल्या दिवशी अष्टमी होती. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, पनवेलहून सावकाश निघता येईल, म्हणून तारीख पक्कीही करून टाकली. किल्ला दाखवायला येणार होते त्या कोळीकाकांना फोन केला, तर ते ऐकताक्षणी नाही म्हणाले.

"बाई, अष्टमीला भांग असतो. भांगाला पाणी पुरतं आटत नाही. एवढी पोरं घेऊन पाण्यातनं जाणार काय?"

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं, आणि अष्टमीच्या आसपास दोन्हीकडचा जोर कमी असतो, हे मी वर्गात शिकवते. पण तारीख ठरवताना माझ्या मनातही आलं नाही. त्यांनी हिशेबही सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. दुसऱ्या दिवशी मुलांनी फळ्यावर गणित मांडलं. बदललेली तारीख तृतीयेची, म्हणजे तीनची पाऊणपट सव्वादोन. ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. मग छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिलं, थोड्या मिनिटांचा फरक निघाला. बस पहाटे पाचला सोडावी लागणार होती. काही पालक नाराज झाले. त्यांना हाच हिशेब करून दाखवला आणि त्यांनी ऐकलं.

सात वाजून गेल्यावर आम्ही वाळूत उतरलो. बेचाळीस मुलं आणि आम्ही चार शिक्षक. काकांनी सगळ्यांना थांबवून समोर बोट दाखवलं. "दहाच्या आत परत इथं. कुणाचं काय राहिलं तरी मागं वळायचं नाही." मी दोन-दोनच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येकाला जोडीदाराची जबाबदारी दिली. ओल्या वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटल्या होत्या, मधेच घोट्याएवढं पाणी लागायचं. काकांनी बूट काढू नका म्हणून बजावलं होतं. एका मुलीने तरी चपला हातात घेतल्या आणि खडकावरच्या कालवांच्या धारेने तिचा तळवा कापला. पट्टी बांधून ती पूर्ण किल्ला फिरली.

महादरवाजावरचे कोरलेले हत्ती, मोर सगळेच बघतात. काकांनी मुलांना आधी तटाकडे नेलं, आणि ते मला फार आवडलं. प्रचंड मोठे दगड नुसते एकमेकांवर बसवलेले, मधे चुना नाही. "हात घाला," ते म्हणाले. एका मुलाने फटीत कोपरापर्यंत हात घातला. आतला दगड ओला, गार, बोटांना शेवाळ लागलं. लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. चुन्याने गच्च लिंपलेल्या भिंतीला तो सगळा मार अंगावर घ्यावा लागला असता. मुलं बराच वेळ तिथून हलेनात.

१६८० मध्ये शिवाजी महाराजांनी हे काम सुरू केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराज गेले आणि संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथूनच चालायचं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी त्यांना किल्ला घेता आला नाही. हे सांगताना मी मुलांना मागे वळून आलेली वाट बघायला लावली. दिवसातून दोनदा वाट उघडते आणि दोनदा बुडते, तिथे पायदळ आणि तोफा कशा आणायच्या? एकीने लगेच विचारलं, "बाई, मग आतल्यांना पाणी कुठलं?" तिला गोड्या पाण्याची पुष्करणी दाखवली. चारी बाजूंनी खारट समुद्र, आणि हा चिरेबंदी तलाव गोडा. किल्ला लढवायचा तर तोफांइतकाच हा तलावही लागतो, आणि पुस्तकात याबद्दल एक ओळही नसते याचं मला वाईट वाटतं.

राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या गणपती पंचायतनाचं दर्शन घेतलं. उत्तरेकडच्या सर्जेकोटाला जोडणारा दगडी बांध वरूनच पाहिला. तिकडे जायचा मुलांचा खूप हट्ट होता, पण साडेनऊ वाजले होते. मी नाही म्हटलं.

निघताना दरवाजात मोजले तर एक जोडी कमी. छातीत धस्स झालं. दोघं तोफांपाशी चित्र काढत बसले होते, काकांनीच शोधून आणलं. जाताना कोरडी असलेली वाळू परतताना ओली झाली होती आणि मधला घोट्याचा पट्टा पोटरीपर्यंत आला होता. काका सगळ्यांच्या मागे चालत राहिले.

किनाऱ्यावर सगळ्यांना शिरा दिला. कुणी बसमध्ये चढायला तयार नव्हतं. एका मुलाने वहीत वाटेतल्या तीन खडकांची चित्रं काढली होती. एकेक खडक बुडाला की तो पुढे वेळ लिहायचा. तिसरा बुडेपर्यंत आम्ही थांबलो.