पायानं खाल्लेली प्लेट

"दादा, प्लेट गाडीनं नाही, पायानं खाल्लीय."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी जुनी क्लच प्लेट माझ्या हातात ठेवली आणि एवढंच बोलले. अस्तर इतकं झिजलेलं की रिव्हेटची डोकी बोटाला लागत होती.

बिल ७,८०० रुपये. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट ५,३००, मजुरी २,५००. मजुरीवर मी घासाघीस करणारच होतो. पण सकाळपासून तिथंच स्टुलावर बसून सगळं बघत होतो. प्लेट बसवायला फार वेळ लागत नाही, तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्री आणि त्यांचा पोरगा गाडीखाली आडवे, वरून ऑइल ठिबकतंय. म्हणून तर सेट एकदमच बदलायचा, नाहीतर उद्या एका बेअरिंगसाठी पुन्हा हेच सगळं.

एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही. जीभच वळली नाही.

येताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी न्यूट्रल केली आणि पाय क्लचवरून काढून खाली ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शेजारची गाडी अर्ध्या क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून प्लेट घासत, इंच इंच पुढं सरकत होती.

तुम्ही सिग्नलला पाय कुठं ठेवता?