हिरवी वाटी जरा जपून

मी मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला राहते हे कळलं की घरचे लोक हमखास म्हणतात, "मग काय, तिखटाची चंगळ!" खरं तर इथला टॅको समोर येतो तेव्हा बिलकूल तिखट नसतो. मक्याची मऊ टॉर्टिया (पातळ पोळी), मांस, वर चिरलेला कांदा-कोथिंबीर, बस. तिखट असतं टेबलावरच्या वाट्यांमध्ये, आणि किती घ्यायचं ते खाणाऱ्याने ठरवायचं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा पातेल्यातच ठरून गेलेलं असतं.

साल्साच्या, म्हणजे चटणीच्या, वाट्या निदान दोन, लाल आणि हिरवी. लाल दिसली की आपण सावध होतो आणि तिथेच फसतो. लाल रंग बऱ्याचदा ग्वाहियो या वाळलेल्या मिरचीचा असतो. रंगाला गडद, तिखटाला मवाळ. हिरवीत मात्र कच्ची सेर्रानो मिरची असू शकते. तोमातियोच्या आंबटपणात ती आधी कळत नाही, घास गिळल्यावर कळते. (तोमातियो हा कच्चा टोमॅटो समजू नका, कागदासारख्या सालीत वाढणारं ते वेगळंच फळ आहे.) अवोकाडोची वाटावी अशी गुळगुळीत, फिकट हिरवी साल्सा तर पक्की लबाड. तिच्यात कित्येकदा अवोकाडो नसतोच, हिरव्या मिरच्या तेलाबरोबर घोटून तो मऊपणा आणलेला असतो. गाडीवाल्याला "पिका?" (तिखट आहे का?) असं विचारायची सोय आहे, पण "नो पिका" (तिखट नाही) हे उत्तर तो स्वतःच्या जिभेला विचारून देतो.

चांगल्या साल्साचं निम्मं काम तव्यावर होतं. टोमॅटो, मिरच्या, लसूण कोमालवर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे आणि मोल्काहेतेत, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाच्या तीन पायांच्या खलात, मीठ घालून भरड वाटायचे. ठेचा खाऊन वाढलेल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही. मिक्सरमधून काढलेली साल्सा मला त्यापुढे फिकी लागते. धुराची चव हवी असेल तर चिपोत्ले, म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. आणि वेराक्रूसची साल्सा माचा मिळाली तर सोडू नका: वाळक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलात तळून भरड केलेले. मी ती वरण-भातावरही घेते, इथल्या मैत्रिणी बघत राहतात.

बाटल्यांचं जग वेगळं. वालेंतिना हा बाटलीतला सॉस याच शहराचा. पिवळं लेबल तिखट, काळं जास्त तिखट. व्हिनेगरमुळे ती पातळ आणि आंबट. टॅकोपेक्षा ती चिप्सवर, काकडीवर, लिंबू पिळलेल्या आंब्याच्या फोडींवर शोभते, असं माझं मत. नावांवर मात्र जाऊ नका. ताबास्को हे मेक्सिकोतलं राज्य, पण त्या नावाचा सॉस अमेरिकेत लुइझियानात होतो. ग्वादालाहाराच्या माणसाला तापातियो म्हणतात, आणि तापातियो सॉस 1971 पासून कॅलिफोर्नियात बनतो!

मेक्सिकोतल्याच युकातानच्या हाबानेरो मिरचीशी मात्र थट्टा नको. तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजणीत हालापेन्यो साधारण 2,500 ते 8,000, हाबानेरो 1,00,000 ते 3,50,000. वास फळासारखा गोड, म्हणून हात सैल सुटतो. थेंबानेच घ्या. तोंड पेटलं तर पाणी उपयोगाचं नाही, कारण मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, दूध प्या.

इथे आलात तर तोर्ता आओगादा खायचीच. कडक बिरोते पावात डुकराचं मांस भरून पाव टोमॅटोच्या सौम्य रशात बुडवतात. चिले दे आर्बोल या तिखट मिरचीच्या साल्साचा जाळ वेगळा मिळतो. काही ठिकाणी मात्र पाव थेट त्या तिखटातच बुडवून मिळतो, तेव्हा पहिल्यांदा "मेदिया" मागा, म्हणजे अर्धीच बुडवतील. हातरुमाल जवळ असू द्या आणि पांढरा शर्ट घरी ठेवा.