क्रॉफिश बॉइल लॉग, सीझन चौथा: चव नेमकी कुठे बिघडते

मंडळी, अमेरिकेत लुइझियानातल्या बॅटन रूजला येऊन पाच वर्षं झाली आणि अंगणात क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा कवचवाला जीव) मसाल्याच्या पाण्यात अख्खे उकडायचा, म्हणजे बॉइलचा, हा माझा चौथा सीझन. या वेळी फेब्रुवारी ते मे जिवंत क्रॉफिशची पाच पोती केली आणि प्रत्येक पोत्याची वही ठेवली, कारण गेले दोन सीझन मधूनच एखादं पोतं असं निघायचं की पाहुणे दोन-चार खाऊन सोबत उकडलेल्या मक्याकडे वळायचे. मी दर वेळी मसाल्याला दोष द्यायचो. पावडर वाढव, लिक्विड बॉइल (मसाल्याचा पातळ अर्क) कमी कर, लसूण दुप्पट टाक. आता माझं पक्कं मत झालंय की चव बहुतेक वेळा भांड्यात पडायच्या आधीच बिघडलेली असते, पोत्यात नाहीतर धुण्याच्या टबात, आणि कितीही केयेन (तिखट लाल मिरचीची पूड) घातलं तरी ती लपत नाही.

पोतं १, फेब्रुवारी, ३३ पाउंड. सीझनची सुरुवात, माल बारीक, कवचं पातळ, शेपूट दोन बोटांनी सोलली जाते. स्वच्छ गोड चव. काही तक्रार नाही, पुढे जातो.

पोतं २, मार्च. इथे गडबड झाली. एका दुकानातून शनिवारी सकाळी उचललं, पोती दारात उन्हात एकावर एक रचलेली होती, मला सगळ्यात खालचं मिळालं आणि मी काही बोललो नाही. घरी आणून टबात ओतलं तर वरचे चांगले वळवळतायत पण मधले गप्प. घाईत होतो, नीट निवडले नाहीत. उकडल्यावर एक शेपूट सोलली तर मांस अख्खं निघेच ना, बोटात लगदा आला, पिठल्यासारखा, आणि नाकाजवळ नेलं तर अमोनियासारखा बारीक वास.

याचं कारण समजून घ्या. डोक्यात जे पिवळं असतं, ज्याला इथे फॅट किंवा मस्टर्ड म्हणतात आणि लोक चोखून खातात, तो खरं म्हणजे हेपॅटोपॅन्क्रियास, यकृत आणि स्वादुपिंड दोघांचं काम करणारा अवयव. पचनाची एन्झाइम्स तिथे असतात. जीव गेला की ती शेजारच्या शेपटीत उतरतात आणि मांस आतून विरघळायला लागतं, आणि उन्हात हे फार झपाट्याने होतं. पेणला आत्याकडे पावसाळ्यात भातशेतातले मुठे (खेकडे) आणले की ती आधी काठीने एकेकाला डिवचून बघायची, जो हलला नाही तो सरळ बाहेर. लहानपणी वाटायचं चांगला मुठा वाया घालवतेय, पण तिचं शंभर टक्के बरोबर होतं आणि तोच नियम इथे लागू आहे.

आता शेपटीबद्दल. सरळ शेपूट म्हणजे मेलेला होता, खाऊ नका, असं इथे प्रत्येक जण सांगतो. पुढच्या पोत्यात मी एकेक जिवंत बघून टाकला तरी मूठभर सरळ शेपट्या निघाल्याच, कारण भांडं खच्चून भरलं होतं आणि त्यांना वळायला जागाच नव्हती. सोलून बघितलं तर मांस घट्ट, लगदा अजिबात नाही. त्यामुळे मी आता शेपूट बघत नाही, मांस बघतो. मऊ लगदा असेल तर टाकून द्यायचं, बाकी खा.

साठवण्याचंही इथेच लिहून टाकतो, कारण पहिल्या वर्षी रात्रभर टबभर पाण्यात ठेवलेले आणि सकाळी अर्ध्याहून जास्त मेलेले. पाण्यातला प्राणी पाण्यात कसा मरेल असं वाटतं ना? पण साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन एवढे जण मिळून काही तासांत संपवतात. उलट कल्ले ओले राहिले तर हवेत ते आरामात दिवसभर जगतात. म्हणून ओलं गोणपाट, वर थोडा बर्फ, आइस चेस्टचं (बर्फाच्या पेटीचं) झाकण किलकिलं आणि खालची तोटी उघडी म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. फ्रिज असेल तर साधारण ३८ ते ४६ फॅरनहाइट.

पोतं ३, एप्रिल. सगळे जिवंत, मांस घट्ट, तरी चव चिखलट. हे सगळ्यात चिवट प्रकरण. हा वास तुम्हाला सगळ्यांना माहितीये, पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्या जिओस्मिनमुळे येतो तेच हे. अंगणात सुंदर वाटतं, ताटात नको होतं, आणि माणसाचं नाक त्याला इतकं तिखट आहे की अगदी नखभर पुरतं. इथला बराचसा क्रॉफिश भाताच्या खाचरांत होतो, भात काढल्यावर साधारण ऑक्टोबरात शेतात पाणी सोडतात, बिळातले बाहेर येतात आणि कुजणाऱ्या पेंढ्यावर जे काही वाढतं त्यावर जगतात. ऊन वाढलं की पेंढा जास्त कुजतो, पाणी काळं पडतं, नील-हरित शेवाळ आणि मातीतले जिवाणू जिओस्मिन सोडतात आणि ते प्राण्याच्या अंगात मुरतं. त्यात आतड्यात चिखल भरलेला, म्हणजे कोळंबीचा आपण काढतो तो काळा दोरा, आणि कवचाखाली कल्ल्यांत गाळ अडकलेला.

मिठाच्या पाण्यात ठेवले की पोट साफ होतं हे ऐकून तसंच करत आलेलो. या वेळी पोतं अर्धं अर्धं केलं, एका टबात डबाभर मीठ, दुसऱ्यात साधं पाणी, दोन्ही पंधरा मिनिटं. उकडून दोन्हीकडच्या वीस-वीस शेपट्या चिरून ताटात शेजारी मांडल्या. काळा दोरा दोन्हीकडे तेवढाच जाड, काहीच फरक नाही. पोट रिकामं व्हायला वेळच लागतो, उपाशी ठेवून स्वच्छ वाहत्या पाण्यात २४ ते ४८ तास. मीठ फक्त अंगावरचा चिखल सोडवतं, ते काम नुसता पाइपही करतो. मी आता चार पाण्यांनी धुतो, चौथ्याला तळ दिसला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी हाताने खालून वर ढवळायचं नाहीतर गाळ तळाशी तसाच राहतो.

पोतं ४, एप्रिल अखेर. माल छान पण कडवट, आणि ही चूक मात्र भांड्यातलीच. डझनभर लिंबं कापून सुरुवातीलाच टाकलेली आणि तीन घाण्यांना तेच पाणी. सालीखालचा पांढरा भाग तासभर उकळला की कडूपणा पाण्यात उतरतो, लिंबाचं लोणचं घालणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. शिवाय तिसऱ्या घाण्यापर्यंत मीठ-मसाला आटून डबल झालेला आणि पाण्यावर राखाडी फेस. आता लिंबं गॅस बंद केल्यावर पिळून टाकतो आणि दोन घाण्यांनंतर पाणी फेकतो, मसाल्याचा खर्च वाढतो पण वाढू दे.

पोतं ५, मे, ३५ पाउंड. सगळं शिकलेलं एकत्र. दुकानात पोतं उचलून खालच्या बाजूला हात लावून बघितला, गार होतं, तेव्हाच पैसे दिले. चार पाणी, एकेक निवडून, मेलेले बाजूला. ८० क्वार्टच्या (साधारण ७५ लिटरच्या) भांड्यात फक्त अर्धं पोतं. पाण्याला परत उकळी आल्यावर तीन मिनिटं, गॅस बंद, लगेच फ्रोझन मके आत आणि भांड्याच्या बाहेरून पाइपने पाणी मारलं. आच तुटली की मांस कवचाला चिकटत नाही आणि निवताना मसाला आत ओढला जातो. दहा मिनिटांनी एक चाखला, मग दर पाच मिनिटांनी, पंचविसाव्या मिनिटाला बरोबर जमलं. सीझन संपत आल्यामुळे कवचं दगडासारखी, सोलताना अंगठा दुखला, पण मांस गोड आणि डोक्यातलं पिवळं लोण्यासारखं. त्या दिवशी मक्याकडे कुणी वळलं नाही!

उरलेले त्याच रात्री सोलून ठेवले. अख्खे फ्रिजमध्ये ठेवले की डोक्यातलं दुसऱ्या दिवशी शेपटीला शिळकट चव देतं. फ्रीझरला टाकायचे असतील तर शेपटीला लागलेलं पिवळंही धुवून काढतो, ते दोन-तीन महिन्यांत खवट होतं, एटुफे (इथला क्रॉफिशचा दाट रस्सा) लगेच करायचं असेल तर मात्र राहू द्या, सगळी चव त्यातच आहे.

चिखलट वासाचं पूर्ण उत्तर अजून हातात नाही, घरच्या टबात दोन दिवस वाहतं पाणी ठेवणं मला जमत नाही. पुढच्या एप्रिलला एक पर्ज केलेलं पोतं, जे विकणारे आधीच स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवून देतात, आणि एक साधं असं एकाच दिवशी आणणार, महाग पडेल, पण दोन्ही वेगळ्या भांड्यात एकाच मसाल्यात उकडून कोणतं कुठलं हे न सांगता सगळ्यांपुढे ठेवणार आहे. वीस-वीस शेपट्या परत चिरेन, फोटो टाकतो तेव्हा.