मराठीचा छापखाना आणि डेन्मार्कच्या राजाची सनद: हुगळीकाठचं श्रीरामपूर

हावड्याहून बंडेल लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूर. (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातलं ते हे नव्हे, तिथल्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे, तिकीट काढताना बघा.) सकाळी लवकर निघा, उलट दिशेची गर्दी टळते. स्टेशनाबाहेर टोटो, म्हणजे ई-रिक्षा मिळतात. 'श्रीरामपूर कॉलेज' एवढं सांगितलं तरी पुरतं.

हे गाव १७५५ पासून १८४५ पर्यंत डॅनिश लोकांकडे होतं, नाव फ्रेडरिक्सनगर. कॉलेज इथे निघालं ते त्यामुळेच. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, धर्मावरून लोक बिथरले तर धंदा बसेल ही धास्ती. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आसरा दिला. १८०० साली इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी आला. त्याचे सहकारी मार्शमन आणि वॉर्ड आधीच पोचले होते. तिघांनी छापखाना थाटला, १८१८ मध्ये कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने पदव्या देण्याची सनद दिली. त्या सनदेवर पहिल्या पदव्या मात्र मिळाल्या १९१५ मध्ये! आजही धर्मशास्त्राच्या पदव्या तिच्याच जोरावर. कला-विज्ञान शाखा कलकत्ता विद्यापीठाकडे.

आपल्याला खरा रस छापखान्यात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या संस्थेत, मराठी शिकवणाऱ्या कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये इथेच छापलं गेलं, तेही देवनागरीत, कारण मोडीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, अजून तयार नव्हते. १८१० च्या शब्दकोशात मोडी आली. मदतीला पंडित वैजनाथ शर्मा होते. खिळे पाडण्याचं काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने इथे रुजवलं. कॅरीइतकंच श्रेय मी या दोघांना देईन. १८१२ च्या आगीत छापखाना जळाला, तरी काही महिन्यांत पुन्हा सुरू झाला.

कॅरी लायब्ररीतले जुने ग्रंथ बघायचे तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या, रविवार टाळा. नदीकडे तोंड केलेले कॉलेजचे उंच खांब मात्र बाहेरूनही दिसतात.

सेंट ओलाव्ह चर्च चुकवू नका. दर्शनी भागावर डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चन राजाचं मोनोग्राम, म्हणजे नावाच्या अक्षराचं चिन्ह आहे. जेवायला डॅनिश टॅव्हर्न, १७८६ ची खाणावळ, आता दुरुस्त करून पुन्हा उघडलेली. खिसा सांभाळायचा असेल तर स्टेशनाजवळ लुची-आलूर दम, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि दम आलू खा.

परतताना लोकलऐवजी फेरीबोटीने नदीपलीकडच्या बराकपूरच्या धोबी घाटावर उतरा, तिथून टोटोने स्टेशन गाठा आणि सियालदह लोकल धरा. सुटे पैसे जवळ ठेवा.