काळा दोरा

गुरुवार, रात्री उशिरा

झोप येत नाही, आणि कारण इतकं फुटकळ आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. कुणीतरी मी शिवलेल्या फ्रॉकची हेम, म्हणजे खालची दुमड, उसवली. बस, एवढंच.

ताईने दुपारी फोटो पाठवले. तिची छकुली सगळ्यांत जीभ बाहेर काढून, नेहमीसारखी. त्यातल्या एकात कोपऱ्यात दुसरीच एक मुलगी उभी होती, अर्धी झाडाआड, आणि तिच्या अंगात मी छकुलीला शिवलेला पिवळा फ्रॉक. मग मी छकुलीला सोडलं आणि त्या कोपऱ्याकडेच बघत बसले. फोटो बोटांनी ताणून इतका मोठा केला की शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले.

फ्रॉक देऊन टाकला याचं वाईट वाटलं नाही. खरंच नाही. छकुलीला तो लहान झाला, मग कपाटात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचं होतं? मुलांचे कपडे फिरायलाच हवेत. ताईने मला न विचारता दिला, हे जरा... पण ते जाऊ दे, ताई कधी काय विचारून करते. बोचलं ते वेगळंच. फ्रॉकची खालची दुमड उसवून तो लांब केलाय, आणि काळ्या दोऱ्याने केलाय. पिवळ्या मलमलीवर काळा दोरा. बरं, फ्रॉकवर पांढरे ठिपके आहेत. घरात पिवळा दोरा नसेल, समजू शकते. पण जिथे काळा असतो तिथे पांढराही असतोच की!

आणि गंमत म्हणजे ती दुमड मी उसवण्यासाठीच ठेवली होती. चांगली 8 सेंटिमीटर. एवढ्याशा फ्रॉकला एवढी दुमड बघून कुणालाही वाटावं की बाईंना कापता येत नाही. पण मुलांचं शिवायचं तर मापापेक्षा वाढीचा अंदाज महत्त्वाचा. मूल जन्मतं साधारण 50 सेंटिमीटरचं. पहिल्या वर्षात आणखी 25च्या आसपास वाढतं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, आणि मग हळूहळू वर्षाला 6-7 सेंटिमीटरवर येतं. छातीचा घेर मात्र त्या मानाने थोडाच वाढतो. लांबी पळते, घेर रेंगाळतो. म्हणून योकचा, म्हणजे छातीशी वेगळा तुकडा जोडलेला, चुण्यांचा फ्रॉक अंगात बसत असतो आणि गुडघ्यावरून वर वर सरकत जातो. मुंढा, म्हणजे बाहीची खाच, जरा सैल, खालच्या दुमडीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, की एक फ्रॉक सहज आणखी एक वर्ष निघतो. डोक्याचं गणित अजून निराळं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर, वर्षाचं होईपर्यंत 46, आणि त्यापुढच्या अख्ख्या वर्षात जेमतेम 2. मोठ्यांचा गळा लहान करून काढणारे इथेच अडकतात, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं असतं. मी पाठीला चीर ठेवते, वर एक बटण आणि दोऱ्याचा फास. मग गळा पुढे बरीच वर्षं कुरकुरत नाही.

हे सगळं कशाला लिहितेय मी? कुणी विचारलंय?

तेच तर. कुणी विचारत नाही.

कापड आधी रात्रभर पाण्यात ठेवलं होतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आटायचं ते शिवण्याआधीच आटू दे. मलमल चुणते म्हणून 11 नंबरची बारीक सुई लावली. आतून सगळीकडे फ्रेंच शिलाई: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून टीप, कडा बारीक कापायची, उलटायचं, आणि त्या कडांना पोटात घेऊन दुसरी टीप. दुप्पट काम. पण मग आत एकही उघडी कड राहत नाही, मुलांच्या अंगाला काही टोचत नाही. फ्रॉक उलटा करून बघितला तरच ते दिसतं, आणि भेट आलेला फ्रॉक उलटा करून बघतं कोण? सुलटा धरतात, “अय्या” म्हणतात. एकीने तर माझं कौतुक म्हणून सांगितलं, “घरी शिवलास? वाटत नाही गं, अगदी विकतचा वाटतो.” मी हसले. घरी येऊन तिच्यासाठी बेतलेलं दुपटं दुसऱ्याच कुणाला दिलं.

ताईला तो फ्रॉक पहिल्यापासून साधा वाटत होता. गळ्याशी रिबनचा बो हवा होता तिला, आणि टोपी केलीस तर तिला छान बंद. मी नाही म्हटलं. युरोपातल्या सुरक्षा नियमांत 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी आणि टोपीला नाड्या चालतच नाहीत, कारण त्या कशातही अडकतात. घसरगुंडीवर, दारात, पाळण्यात. हे ताईला सांगितलं तर म्हणाली, “आपण लहानपणी बंदांचीच टोपडी घातली ना?” मी गप्प. कापडी हत्तीच्या वेळीही हेच झालं होतं. त्याचे डोळे मी बटणांचे न लावता दोऱ्याने भरले. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात सुटून येईल असं काही बारीक द्यायचं नसतं, ते थेट तोंडात जातं. तर म्हणे, हत्ती झोपलेला का दिसतो?

असो. हत्ती झोपलेलाच बरा.

पण त्या हेमचं. हेमच्या बाबतीत माझं म्हणणं नक्की काय आहे ते मला अजून सापडत नाहीये. मशीनची टीप असती तर वाटलं नसतं. टीप उसवायला काय लागतं, मध्ये मध्ये दोन-चार टाके कापले की सरसर ओढून निघते. ही मी हाताने घातली होती. प्रत्येक टाक्याला कापडाचा एक धागा उचलायचा, जास्त नाही, म्हणजे सुलट बाजूला काहीच दिसत नाही. चष्मा लावूनही सुईत दोरा जात नव्हता त्या दिवसांत. आईने तेव्हा विचारलं होतं, “एवढं कुणासाठी गं करतेस?” तो प्रश्न इथे नको.

आणि ती हेम कुणीतरी उसवली. घरातल्याच कुठल्या तरी कात्रीने माझा एकेक टाका शोधून कापला, दोऱ्याचे तुकडे उचलून फेकले, आणि त्याच जागी आपले टाके घातले. मोठे, एकसारखे नसलेले, काळे. मी लिहिलेल्या पत्राखाली दुसऱ्याच कुणी आपल्या अक्षरात दोन ओळी वाढवाव्यात, तसं वाटलं.

हे लिहून वाचलं आणि जरा लाज वाटली. पत्र मी छकुलीला लिहिलं होतं असंही नाही. छकुलीला फ्रॉकचं सोयरसुतक कधीच नव्हतं. तिला फक्त खिसा हवा होता. खिशात खडे भरायचे होते.

खिसा!

थांब.

(पाऊण तासाने)

उठून टेप आणली आणि फोटो पुन्हा काढला. हे घोरत होते म्हणून बरं, नाहीतर रात्री फोनच्या काचेला टेप लावून बसलेली बायको बघून काय म्हणाले असते कोण जाणे. तर खिसा. त्याची रुंदी मला माहीत आहे, बरोबर 9 सेंटिमीटर, कारण छकुलीची मूठ आत जाऊन बाहेर यायला तेवढी लागते हे करून बघितलं होतं. म्हणजे फोटोत खिसा हीच माझी पट्टी. आणि घेराच्या तळाशी एक पट्टा दिसतो, बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद. बाकीचा फ्रॉक उन्हाने आणि धुण्याने फिका झालाय, हा इतके दिवस आत दुमडलेला होता म्हणून अजून पहिल्यासारखा हळदी रंगाचा आहे. त्याच्या वरच्या काठाला जुन्या घडीची रेघ, ती तर इस्त्रीनेही जात नाही. मी असते तर त्या रेघेवर नागमोडी लेस बसवली असती. असं झाकायला ती फार सोयीची.

तर तो गडद पट्टा खिशाच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. म्हणजे 4 सेंटिमीटर. पुन्हा मोजला. 4च.

दुमड होती 8ची.

म्हणजे तिने अर्धीच सोडली. अर्धी अजून आत आहे.

जिला नुसता फ्रॉक लांब करायचा असतो ती असं करत नाही. ती सगळं उसवते, कडेला बारीक मुडप घालते आणि मोकळी होते. अर्धं सोडायचं आणि अर्धं परत आत घ्यायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचा विचार झाला. ज्या बाईने (बाईच असेल असं मीच धरून चाललेय, बाबा असेल, आजोबा असतील) ती दुमड उसवली, तिने आत हात घातल्यावर केवढी माया आहे ते बघितलं, आणि ती कशासाठी आहे तेही तिला कळलं. ताईला नाही कळलं. ताईने विचारलं होतं, “खाली एवढं जाड का लागतंय?”

आता मला तिच्याबद्दल फारच कुतूहल वाटायला लागलंय. फ्रेंच शिलाई बघितली असेल का तिने? दुमड उसवायची तर फ्रॉक उलटा करावाच लागतो. म्हणजे बघितलीच असणार. इतक्या जणींच्या हातात माझे कपडे गेले, पण ते उलटे करून बघणारी बहुधा ही पहिलीच, आणि मी मघापासून तिच्याच नावाने बोटं मोडतेय.

तिच्या टाक्यांकडे पुन्हा बघितलं. डाव्या बाजूचे बरे आहेत. लहान, जवळजवळ. खिशाच्या खाली येईपर्यंत ते ऐसपैस झालेत, आणि उजवीकडे तर एका टाक्यात दोन टाक्यांचं अंतर उरकलंय. हे मला ओळखीचं आहे. मूल उठायच्या आत संपवायचं असतं तेव्हा हात असाच पळतो. माझ्या पहिल्या झबल्याच्या बाह्या आईने जपून ठेवल्यात, त्यांतही डावी बाही शहाणी आहे आणि उजवी उनाड.

दोऱ्याचा रंग मात्र मी माफ करणार नाही. काळा दोरा म्हणजे शर्टाची बटणं लावायला घरात जो असतो तो, सुईत आधीच ओवून ठेवलेला. हे पटतं. तरीही नाही. पांढरे ठिपके आहेत बाई त्या फ्रॉकवर, ठिपक्यांकडे बघायचं तरी!

ताईला उद्या विचारावं का, कुणाची मुलगी ती? विचारलं तर ती विचारणार, का. मग काय सांगू, हेम बघायची आहे? वेडीच म्हणेल. आणि खरं तर नकोच विचारायला. समोर आली तर मी त्या दोऱ्यावरून काहीतरी बोलून बसेन.

मशीनवर सध्या निळी डंगरी पडलीय, धाकट्या जाऊबाईंच्या नातवाची. पायांना 6 सेंटिमीटरची दुमड ठेवलीय, खांद्याच्या पट्ट्या मुद्दाम लांब आणि त्यांवर एकाखाली एक तीन काजं, म्हणजे जसजशी उंची वाढेल तसं बटण एकेक काज खाली लावायचं. हे जाऊबाईंना समजावून सांगण्यात अर्थ नाही, त्या कपडा तोकडा झाला की टाकूनच देतात. पण आज आणखी एक गोष्ट सुचली. पुठ्ठ्याच्या एवढ्याशा तुकड्यावर त्याच निळ्या रंगाचा दोरा गुंडाळायचा, चांगला दोन-तीन मीटर, आणि तो तुकडा पायाच्या दुमडीच्या आत धावदोऱ्याने टाचून ठेवायचा. टाचणी नाही, जादा बटणही नाही, ती पोरांच्या तोंडात जातात. नुसता दोरा. म्हणजे जो कोणी उसवेल त्याला तो तिथेच मिळेल. पहिल्या धुण्यात पुठ्ठ्याचा लगदा होईल, म्हणून पुठ्ठ्याऐवजी कापडाचीच घट्ट पट्टी घ्यावी, तिच्यावरच दोरा.

छकुलीच्या पुढच्या फ्रॉकलाही असंच करायचं. ताईला आत काहीतरी गाठोडं लागलं की ती ते आधी कापून फेकेल, हे लिहून देते. तेव्हा तिच्या हातात फ्रॉक द्यायचाच नाही, थेट छकुलीच्या अंगात घालायचा. तिला खिसा दाखवला की ती सगळं विसरते.