केंद्रकाबाहेरचा कारखाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना शाळेने दिलेल्या एका प्रश्नाविषयी लिहावेसे वाटते. जीवशास्त्राचे आमचे गुरुजी पेशीतील कोणतीही क्रिया सांगितली, की ‘ती नेमकी कोठे घडते?’ हे विचारल्याशिवाय पुढे जात नसत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आणि नंतर आटपाडी-जत भागात खिलार जनावरांवर उपचार करताना हा प्रश्न माझ्या सोबत राहिला. २०२२ मध्ये लम्पीची साथ राज्यभर पसरली, जनावरांचे बाजार बंद झाले आणि गाठींनी भरलेली जनावरे रोज समोर येऊ लागली, तेव्हा त्याचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले.

पेशीचा डीएनए केंद्रकात दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकतो. नागीणवर्गातील विषाणूही आपल्या डीएनएच्या प्रती तेथेच काढतात. देवीच्या कुळातील लम्पीचा विषाणू मात्र केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातच आपले काम उरकतो. केंद्रकातील यंत्रणा तेथे हाती लागत नसल्याने सुरुवातीचे जनुक वाचण्यासाठी लागणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) तो कवचातूनच घेऊन येतो. त्या जनुकांपासून त्याचे स्वतःचे डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारे विकर, आणि इतर विकरे तयार होतात, गाभा विरघळून डीएनए मोकळा होतो आणि मग प्रती निघू लागतात. यातील बराचसा तपशील त्याच कुळातील व्हॅक्सिनिया विषाणूच्या अभ्यासातून हाती आला आहे.

या विषाणूचा डीएनए सुमारे दीड लाख बेसजोड्यांचा असून त्याचे दोन्ही धागे टोकांशी एकमेकांना जोडलेले असतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. प्रचलित समजुतीनुसार टोकाजवळ एका धाग्याला छेद जातो, सुटे झालेले टोक स्वतःवरच दुमडून पुढे वाढू लागते आणि अनेक प्रती एकापुढे एक जोडलेली लांबच लांब साखळी तयार होते. मग विषाणूचेच एक विकर, उसाच्या टिपऱ्या पाडाव्यात तसे, त्या साखळीचे नेमक्या लांबीचे तुकडे करते. हे सारे जेथे घडते त्या जागांना ‘विषाणू कारखाने’ म्हणतात. गाठीचा छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पेशीद्रवात दिसणारे अंतर्विष्ट पिंड, म्हणजे रंग घेतलेले वेगळे गोळे, त्यांचीच साक्ष देतात.

ही यंत्रे पेशीची नसून विषाणूची स्वतःची आहेत, म्हणून पेशीला फारसा धक्का न लावता त्यांनाच अडवणारे औषध शोधण्याला मोठा वाव आहे. माणसातील देवीसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालेले ब्रिन्सिडोफोव्हिर विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजवरच काम करते. लम्पीवर मात्र गोठ्यात वापरता येईल असे औषध अजून आपल्या हाती नाही. ताप उतरवणे, जखमांची निगा राखणे, गोचीड-माशांचा बंदोबस्त आणि लसीकरण एवढ्यावरच आमची भिस्त असते. विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले, तर माणदेशातील पशुपालकांना त्याची नितांत गरज आहे.